लेयर टूचा वेग आणि सीक्वेन्सरची किल्ली

2 जून 2024 ला लीनिया या लेयर टू ब्लॉकचेनवर, म्हणजे इथेरियम या मूळ ब्लॉकचेनच्या आधाराने चालणाऱ्या वेगवान जाळ्यावर, सुमारे तासभर एकही नवा ब्लॉक (नोंदलेल्या व्यवहारांचा गट) निघाला नाही. वेलोकोर या तिथल्या क्रिप्टो एक्स्चेंजवर चोरी झाली होती, चोर पैसे बाहेर काढत होता, म्हणून लीनियाच्या टीमने व्यवहार नोंदवणारा सीक्वेन्सरच बंद केला. हेतू चांगला होता. पण चोरासोबत बाकी सगळ्यांचे व्यवहारही थांबले.

सीक्वेन्सर म्हणजे काय, ते वहीखात्याच्या भाषेत सांगतो. इथेरियम ही खतावणी. हजारो संगणक मिळून ती लिहितात, म्हणून ती भरवशाची आणि संथ. बरीच वर्षं तिचा वेग सेकंदाला साधारण 15 व्यवहार इतकाच होता. रोलअप या प्रकारची लेयर टू जाळी आपली रोजकीर्द वेगळी लिहितात आणि शेकडो व्यवहारांचं गाठोडं बांधून खतावणीत टाकतात. ही रोजकीर्द लिहिणारा सीक्वेन्सर. बहुतेक रोलअपमध्ये तो एकच असतो आणि रोलअप चालवणाऱ्या कंपनीच्याच हातात असतो.

वेग येतो तो इथूनच. एकट्याला कुणाशी सहमती करावी लागत नाही, म्हणून आर्बिट्रम हा रोलअप पाव सेकंदात ब्लॉक काढतो. मात्र ती सीक्वेन्सरने दिलेली कच्ची पावती. गाठोडं इथेरियमवर पोचून पक्कं व्हायला काही मिनिटं लागतात, आणि आर्बिट्रम किंवा ओपी मेननेट या दुसऱ्या रोलअपवरून पैसे थेट इथेरियमवर परत न्यायचे तर साधारण 7 दिवस. हिशेब खोटा असेल तर कुणीतरी हरकत घ्यावी, यासाठी ही मुदत असते. झेडके-सिंक आणि स्टार्कनेट हे रोलअप हिशेबासोबत गणिती पुरावाच जोडतात, त्यामुळे तिथे हरकतीची वाट पाहावी लागत नाही.

हरकत घेणार कोण, हा प्रश्न मला सेकंदाला किती व्यवहार होतात यापेक्षा मोठा वाटतो. ओपी मेननेटवर हरकत घेण्याची सोय सर्वांना खुली झाली ती 10 जून 2024 ला. तोवर लाखो लोक ते जाळं वापरत होते!

इथेरियमशी जोडलेल्या पॉलिगॉन पीओएस या ब्लॉकचेनची गोष्ट वेगळी. तिथे ब्लॉक तपासायला एकाऐवजी सुमारे शंभर व्हॅलिडेटर (तपासनीस), पण हिशेबाची खातरजमा तेच करतात, इथेरियम करत नाही. म्हणून तिला रोलअपच्या रांगेत बसवून नुसते आकडे ताडून पाहणं मला पटत नाही.

आर्बिट्रमचा सीक्वेन्सरही 15 डिसेंबर 2023 ला तासाभराहून अधिक काळ अडला होता. तिथे एक वाट मात्र मोकळी आहे: सीक्वेन्सर दाद देत नसेल तर आपला व्यवहार थेट इथेरियमवरच्या स्मार्ट करारात (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) टाकायचा. सुमारे 24 तासांनी तो कुणाच्याही परवानगीविना रोजकीर्दीत घुसवता येतो. कुठल्याही लेयर टूची माहिती वाचताना मी आधी हा आकडा शोधतो, वेगाचा नंतर.