प्रादेशिक वैद्यकीय संशोधन जर्नल (खान्देशाच्या संदर्भात)

एखाद्या भागातलं मेडिकल कॉलेज, विद्यापीठ किंवा डॉक्टरांची संघटना आपल्याच भागातल्या आजारांवरचं संशोधन तज्ज्ञांकडून तपासून घेऊन छापते, त्या नियतकालिकाला प्रादेशिक वैद्यकीय संशोधन जर्नल म्हणतात. भारतात मेडिकल जर्नल काय नवीन नाहीत. कलकत्त्याहून इंडियन मेडिकल गॅझेट 1866 ला निघालं, इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च 1913 पासून आहे, आणि मुंबईत जीएस मेडिकल-केईएमचं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन 1955 पासून. खान्देशात आता जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेलं, म्हणजे पेशंट आहेत, शिकवणारे आहेत, थिसिसही लिहिले जातात, पण त्यातलं बरंच काही परीक्षा झाली की कपाटात जातं आणि पुढच्या बॅचला पुन्हा तोच विषय नव्याने सुरू करावा लागतो.

उद्देश

मुख्य उद्देश एकच म्हणायला हवा, की पीएचसीतल्या (प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या) एमओला म्हणजे वैद्यकीय अधिकाऱ्याला किंवा तालुक्याच्या डॉक्टरला उद्याच्या ओपीडीत उपयोगी पडेल असं काहीतरी त्यात सापडलं पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

सिकलसेलचं बघा, रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात असा हा आनुवंशिक आजार. नंदुरबारच्या सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुवा पट्ट्यात भिल्ल आणि पावरा समाजात हा आजार बराच आहे. आई-वडील दोघंही वाहक (स्वतः आजारी नसलेले, पण आजाराचं एक जनुक असलेले) असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. भारतातला सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य असतो असं पुस्तकात वाचायला मिळतं, रक्तात बाळपणीचं हिमोग्लोबिन जास्त टिकतं म्हणून, पण सगळ्याच भागात आणि सगळ्याच पेशंटमध्ये तसं दिसत नाही. सिकलसेलवरच्या हायड्रॉक्सियुरिया या गोळीचंही तसंच, पाश्चात्य गाइडलाइन्स वजनाच्या किलोमागे रोज 15-20 मिलिग्रॅमपासून सुरू करून वाढवत न्यायला सांगतात आणि भारतातल्या अभ्यासांत 10 मिलिग्रॅमनेही चांगला फायदा दिसलाय. मग पावरा मुलांमध्ये काय दिसतं, किती जण गोळी मध्येच सोडतात, पावसाळ्यात रस्ता बंद झाला की स्टॉक कुठून येतो, हे प्रश्न लंडन-बोस्टनचं जर्नल विचारणारच नाही आणि त्यांनी विचारावेत अशी अपेक्षाही नको, ते इथूनच लिहून आलं पाहिजे. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 ला सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू केलंय, उद्दिष्ट 2047 चं. तपासण्या होतील, आकडे जमतील, त्यांचा अर्थ लावून तो छापणारं कोणीतरी जवळचं हवं.

सर्पदंशाचंही असंच. आपल्याकडचं विषावरचं औषध (अँटिव्हेनम) नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांविरुद्ध असतं, ते बनवायला लागणारं सापाचं विष मुख्यतः तामिळनाडूतून येतं, आणि एकाच जातीच्या सापाचं विष भागाभागात बदलतं. म्हणून केळीच्या, कापसाच्या शेतात साप चावलेल्या पेशंटला या औषधाच्या किती व्हायल (कुप्या) लागल्या याची नीट नोंद फार मोलाची आहे. उष्माघात, फवारणीची विषबाधा, कुपोषण हेही याच यादीत, मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या आसपास जातो हे काय सांगायला नको.

लहान ठिकाणाहून मोठं काम होऊ शकतं का, असं विचारणाऱ्यांना महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर सांगावेत. कोकणात लाल विंचवाच्या दंशाचे पेशंट बघत त्यांनी नोंदी ठेवल्या, 1982 ला त्या लॅन्सेट या लंडनच्या नामांकित जर्नलमध्ये आल्या आणि पुढे विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार सगळीकडे गेला. त्यांना लॅन्सेट मिळालं, पण नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला ते मिळेलच असं नाही, जवळचं प्रामाणिक जर्नल त्यांच्यासाठीच लागतं.

तपासणी आणि अडचणी

पेपर आला की संपादक आधी एथिक्स कमिटीची परवानगी बघतात, ट्रायल म्हणजे उपचाराची चाचणी असेल तर सीटीआरआय या देशाच्या चाचणी-नोंदवहीतली नोंदणी (2009 पासून सक्तीची), मग दोन-तीन रिव्ह्यूअरकडे पाठवतात. प्रादेशिक जर्नलची खरी परीक्षा इथेच, कारण सगळे एकमेकांना ओळखतात, रिव्ह्यूअर लेखकाचाच जुना सर असतो. म्हणून नावं झाकून पेपर बाहेरच्या जिल्ह्यात, जमलं तर बाहेरच्या राज्यात पाठवावा, आणि संपादकाच्या स्वतःच्या विभागाचा पेपर दुसऱ्याने हाताळावा. प्रमोशनसाठी पेपर लागतात म्हणून पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या अशी दुकानं निघालीत, त्यांच्या वाटेला गेलेलं जर्नल पुन्हा विश्वास मिळवू शकत नाही.

पुढची दिशा

अंक सगळ्यांना फुकट वाचायला मिळावा, लेखकाकडून फी नको, उपयोग न झालेल्या उपचाराचाही पेपर घ्यावा. प्रत्येक लेखाचा सारांश सोप्या मराठीत असावा, आशाताईंना कळेल असा. संमतीपत्र पेशंटला समजणाऱ्या भाषेत हवं हे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत आहेच, इथे त्याचा अर्थ अहिराणी, पावरी, भिली असा होतो, आणि लिहिता-वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर वाचून दाखवणं.

केस रिपोर्टमध्ये पाड्याचं नाव, वय आणि दुर्मिळ आजार एवढं एकत्र लिहिलं तरी अख्ख्या गावाला माणूस कळतो, आणि सिकलसेलच्या वाहक मुलीचं लग्न त्यामुळे मोडू शकतं, म्हणून फोटो आणि गावाचं नाव गाळणं हा नियम लेखकावर न सोडता संपादकांनी स्वतः पाळायचा असतो.