भांडवल तिजोरीत नसतं

रिझर्व्ह बँक दरवर्षी काही बँकांची एक यादी जाहीर करते, आणि दरवर्षी त्या यादीचा उलटा अर्थ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो: ‘देशातल्या सर्वांत सुरक्षित तीन बँका, तुमचा पैसा इथेच ठेवा.’ यादीत स्टेट बँक, एचडीएफसी आणि आयसीआयसीआय आहेत, हे खरं. पण ती सुरक्षिततेची गुणवत्ता यादी नाही. या तिघींपैकी एक जरी आडवी झाली तरी सगळ्या व्यवस्थेचं कंबरडं मोडेल, म्हणून त्यांनी इतरांपेक्षा जास्त भांडवल ठेवावं, एवढंच ती सांगते. १ एप्रिल २०२५ पासून हे जादा भांडवल स्टेट बँकेसाठी ०.८०, एचडीएफसीसाठी ०.४० आणि आयसीआयसीआयसाठी ०.२० टक्के आहे. वस्तीतल्या सगळ्यांत मोठ्या फटाक्यांच्या गोदामाला जास्त अग्निशामक सिलिंडर लावायला सांगितलं, म्हणून ते गोदाम वस्तीतलं सगळ्यांत सुरक्षित ठिकाण ठरत नाही.

आता हे टक्के कशाचे? आणि भांडवल ‘ठेवायचं’ म्हणजे नेमकं कुठे? इथेच बहुतेकांची गाडी घसरते, बातमी लिहिणाऱ्यांचीसुद्धा. ‘बँकांना एवढे कोटी बाजूला काढून ठेवावे लागणार’ असं छापून येतं आणि डोळ्यांपुढे नागपूरच्या संविधान चौकातली रिझर्व्ह बँकेची इमारत, बंदूकधारी पहारा, नोटांच्या पेट्या असं चित्र उभं राहतं. बाजूला काढून ठेवायचा पैसा वेगळा. तो म्हणजे रोख राखीव प्रमाण, बोलीभाषेतलं सीआरआर. ठेवींचा ठरावीक हिस्सा रिझर्व्ह बँकेत पडून राहतो. २०२५ मध्ये तो ४ वरून टप्प्याटप्प्याने ३ टक्क्यांवर आला. भांडवलाचं तसं नाही. ते कुठल्याच पेटीत नसतं, त्यामुळे तिजोरीचं तोंड कुबेराच्या उत्तर दिशेला आहे की नाही याने त्याला काडीचा फरक पडत नाही.

ताळेबंद उघडला की उजवीकडे बँकेची मालमत्ता: दिलेली कर्जं, घेतलेले रोखे, रोकड. डावीकडे तो पैसा आला कुठून: बहुतेक ठेवीदारांचा, थोडा भागधारकांचा. या भागधारकांच्या हिश्श्याला भांडवल म्हणायचं. तो पैसाही ठेवींसारखाच कर्जाऊ दिलेला असतो. फरक इतकाच की कर्ज बुडालं तर पहिला फटका याच्या नावावर लिहिला जातो. भांडवल म्हणजे बुडण्याच्या रांगेतला पहिला नंबर. त्याच्यामागे बाँडधारक, आणि ठेवीदार सगळ्यांत शेवटी.

किती भांडवल हवं, याचं पहिलं आंतरराष्ट्रीय उत्तर १९८८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात ठरलं: ८ टक्के. बँकसुधारणांवरच्या नरसिंहम समितीनंतर १९९२ मध्ये आपण ते स्वीकारलं, पुढे ९ टक्के केलं. २००८ च्या जागतिक पडझडीनंतर त्यावर अडीच टक्के जादा भांडवलाची उशी आली. आज व्यापारी बँकेला एकूण ११.५ टक्के लागतात. पण हे टक्के ठेवींचे नाहीत, एकूण कर्जांचेही नाहीत. ते जोखमीने गुणलेल्या मालमत्तेचे आहेत: जितकी जोखीम जास्त, तितका गुणायचा टक्का मोठा, आणि त्या टक्क्याला भार म्हणायचं. सगळी गंमत या गुणाकारात आहे.

समजा नागपूरच्या गांधीबागेत मुख्यालय असलेली एक छोटी व्यापारी बँक आहे. मालमत्ता १,००० कोटी, ठेवी ९३० कोटी, भागधारकांचे ७० कोटी. तिने पैसा असा लावलाय. रोकड आणि रिझर्व्ह बँकेतली शिल्लक ५० कोटी, भार शून्य. केंद्र सरकारचे रोखे २२० कोटी, भार शून्य. बेसा, मनीषनगरकडच्या फ्लॅटांवरची गृहकर्जं २०० कोटी. कर्ज ७५ लाखांच्या आत आणि घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांच्या आत असेल तर भार ३५ टक्के, म्हणजे ७० कोटी. इतवारी-कळमन्यातल्या छोट्या व्यापाऱ्यांना १८० कोटी, भार ७५ टक्के, म्हणजे १३५ कोटी. बुटीबोरी आणि हिंगण्यातल्या, पतमानांकन न घेतलेल्या कारखान्यांना २५० कोटी, भार १०० टक्के, म्हणजे २५० कोटी. आणि १०० कोटी वैयक्तिक कर्जं, ज्यांचा भार रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये १०० वरून १२५ टक्के केला, म्हणजे १२५ कोटी. बेरीज ५८० कोटी. ७० भागिले ५८०, म्हणजे १२.०७ टक्के. बँक पास. (बाजारभावाची आणि कामकाजातली जोखीमही यात धरतात, हिशेब आटोक्यात राहावा म्हणून ती सोडली आहे.)

आता बुटीबोरीचा एक कारखाना घेऊ. एका कर्जदाराकडे भांडवलाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त अडकू नये, असा नियम आहे. संचालक मंडळाने खास परवानगी दिली तर २५. इथे २० टक्के म्हणजे १४ कोटी. बँकेने बरोबर तेवढेच दिलेत. हप्ता चुकला. ३० दिवसांपर्यंत ते खातं एसएमए-० (एसएमए म्हणजे खास लक्ष ठेवायचं खातं), ६० पर्यंत एसएमए-१, ९० पर्यंत एसएमए-२. नव्वदी ओलांडली की एनपीए, म्हणजे अधिकृतपणे थकीत कर्ज. (पीककर्जाला हे दिवस लागू नाहीत. सोयाबीनसारख्या कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम मिळतात.) त्या दिवशी तीन गोष्टी एकदम होतात. वसूल न होताच उत्पन्नात दाखवलेलं व्याज उलटवावं लागतं; साडेदहा टक्के दराने तिमाहीचे सुमारे ३७ लाख. कर्जाच्या १५ टक्के, म्हणजे २ कोटी १० लाखांची तरतूद करावी लागते, म्हणजे तेवढी रक्कम बुडीत धरून भांडवलातून वजा होते. आणि तारण अपुरं असेल, तर उरलेल्या ११ कोटी ९० लाखांचा भार १०० वरून १५० टक्के होतो, कारण तरतूद अजून २० टक्क्यांच्या खाली आहे. भागाकारातला वरचा आकडा (भांडवल) घटून ६७.५३, खालचा (भारित मालमत्ता) वाढून ५८३.८५. उत्तर ११.५७. काठावर का होईना, पास.

खरा दणका वर्षभराने बसतो. बारा महिने एनपीए राहिलेलं खातं ‘संशयित’ वर्गात जातं आणि हिशेबाची रीतच बदलते: तारणाने झाकलेल्या भागावर २५ टक्के तरतूद, न झाकलेल्या भागावर पूर्ण १०० टक्के. जमीन आणि यंत्रं मिळून ८ कोटींची निघाली, तर त्याच्या २५ टक्के म्हणजे २ कोटी, आणि उघड्या ६ कोटींचे सगळेच्या सगळे ६. आधीचे २ कोटी १० लाख धरून एकूण ८ कोटी. कर्ज देताना मूल्यांकन करणाऱ्याने हीच मालमत्ता १६ कोटींची दाखवली असेल, तर त्या फुगवट्याचं बिल या दिवशी फाटतं. मधला नफा आणि कर धरले नाहीत, तर भांडवल ६१.६३ कोटींवर येतं. तरतूद आता निम्म्याहून जास्त असल्याने उरलेल्या ६ कोटींचा भार ५० टक्के, म्हणून खालचा आकडा ५६९. उत्तर १०.८३ टक्के. बँक बुडालेली नाही. ती उशीत रुतली आहे. उशीचा चौथा भाग गेला, म्हणून नफ्याचा किमान ६० टक्के हिस्सा आता लाभांशात वाटता येत नाही.

११.५ वर परत यायला दोन वाटा. एक, भागधारकांकडून ३ कोटी ८१ लाख आणणं. मात्र पडत्या बँकेला पैसे द्यायला कोण पुढे येतं? दुसरी वाट, भाजकच लहान करणं: भारित मालमत्ता ३३ कोटींनी कमी करायची. कारखान्यांची कर्जं कापली तर ३३ कोटी, छोट्या व्यापाऱ्यांची कापली तर ४४ कोटी, कारण त्यांचा भार पाऊण आहे. म्हणजे बुटीबोरीत ८ कोटी बुडाले आणि कळमन्यातल्या मिरची-धान्याच्या व्यापाऱ्यांच्या कॅश क्रेडिट मर्यादा ४४ कोटींनी आवळल्या गेल्या, ज्यांचा त्या कारखान्याशी काही संबंध नव्हता, ज्यांचे हप्ते वेळेवर होते. शाखेत त्यांना ‘वरून मंजुरी येत नाही’ असं उत्तर मिळतं. ते खोटं नसतं. ११.५ टक्क्यांच्या हिशेबात भांडवलाचा एक रुपया १०० टक्के भाराचं सुमारे ८ रुपये ७० पैशांचं कर्ज पेलतो. तो रुपया गेला की तेवढं कर्ज खाली येतं. २०१५ च्या सुमारास रिझर्व्ह बँकेने बँकांच्या कर्जखात्यांची झाडाझडती घेतली, लपवलेली थकबाकी बाहेर आली आणि मार्च २०१८ पर्यंत एकूण एनपीए ११ टक्क्यांच्या वर गेले. त्यानंतर सरकारी बँकांचा कर्जपुरवठा का आटला, आणि सरकारला ऑक्टोबर २०१७ मध्ये २.११ लाख कोटींच्या भांडवलाची योजना का आणावी लागली, याचं उत्तर याच भागाकारात आहे.

लपवण्याचा मोहही इथूनच येतो. ८९व्या दिवशी त्याच कर्जदाराला नवं छोटं कर्ज द्यायचं, त्यातून जुन्याचा हप्ता भरून घ्यायचा, आणि घड्याळ पुन्हा शून्यावर. बँकवाले याला एव्हरग्रीनिंग म्हणतात. झाड हिरवं दिसतं. मुळं केव्हाच कुजलेली असतात.

भार शून्य म्हणजे धोका शून्य, असंही समजू नये. नागपूरने हा धडा महागात शिकला आहे. २००१-०२ मध्ये नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने सरकारी रोख्यांसाठी दलाल कंपन्यांना पैसे दिले. रोखे बँकेच्या हाती आले नाहीत आणि शंभर कोटींहून जास्त रक्कम अडकली. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या न्यायालयाने या खटल्यात काही आरोपींना दोषी ठरवलं. सरकारचा शब्द पक्का होता, तो कधी मोडलाच नाही. पण कागद हातात नसेल तर बँकेने कर्ज सरकारला दिलेलं नसतं, दलालाला दिलेलं असतं. मग भारही त्याचाच लावायला हवा.

आता थोडा अवघड भाग. ९, ११.५ हे आकडे आले कुठून? सरासरी बुडीत किती, हे बँकेला साधारण माहीत असतं. ते व्याजदरातून आणि तरतुदीतून भागवायचं असतं. भांडवल असतं सरासरीच्या पलीकडच्या वाईट वर्षासाठी. १,००० सारखी कर्जं घ्या, प्रत्येक बुडण्याची शक्यता २ टक्के. सरासरी २० बुडतील. कर्जं एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र असतील, तर हजार वर्षांतल्या सगळ्यांत वाईट वर्षीही आकडा ३५ च्या आसपास थांबतो. पण विदर्भात कर्जं स्वतंत्र असतात का? पाऊस दगा देतो तेव्हा शेतकऱ्याचं पीककर्ज, कृषी केंद्रवाल्याची उधारी, ट्रॅक्टर विक्रेत्याची मर्यादा आणि जिनिंगवाल्याचा हप्ता एकाच वेळी लटकतात. बाझलच्या सूत्रात या एकत्र बुडण्याला सहसंबंध म्हणतात. मोठ्या कंपन्यांसाठी ते तो ०.१२ ते ०.२४ धरतं. आपण ०.१५ धरून तेच गणित पुन्हा केलं, तर हजार वर्षांतल्या वाईट वर्षी बुडणाऱ्या कर्जांचा आकडा ३५ राहत नाही. तो १७६ च्या घरात जातो. प्रत्येक कर्ज सुटं पाहिलं तर पूर्वीइतकंच चांगलं, शक्यता तीच २ टक्के. पाच मिनिटांत कर्ज मंजूर करणाऱ्या ‘एआय’ अ‍ॅपच्या जाहिराती मुकाट्याने इथेच हात वर करतात. अ‍ॅप माणूस तोलतं, पाऊस नाही.

आपल्या बँका हे सूत्र थेट चालवत नाहीत, रिझर्व्ह बँकेने दिलेले ठरावीक भारच वापरतात. त्या भारांना एक गोष्ट दिसत नाही: २५० कोटींची कारखाना-कर्जं अडीचशे वेगवेगळ्या धंद्यांना आहेत की सगळी कापसावरच्या जिनिंग-सूतगिरण्यांना. दोन्हीकडे भार १०० टक्केच. तो फरक बँकेने स्वतः आणि तपासनिसाने डोळ्यांत तेल घालून पाहायचा असतो.

तरतुदीची रीतही बदलते आहे. आज कर्ज थकल्यावर तरतूद होते. १ एप्रिल २०२७ पासून व्यापारी बँकांनी अपेक्षित तोट्याची तरतूद आधीच करावी, असा मसुदा रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये आणला. वरच्या उदाहरणातला वर्षभराने एका दिवसात बसणारा दणका मग थोडाथोडा करून आधीच बसू लागेल.

ठेवीदाराने वार्षिक अहवालात काय पाहावं? भांडवल पर्याप्तता प्रमाण (वरच्या भागाकाराचं उत्तर) आणि निव्वळ एनपीए (तरतूद वजा करून उरलेली थकीत कर्जं), दोन्ही सलग तीन वर्षांचे. प्रमाण वाढलं असेल तर भाजकाकडेही नजर टाकावी: भांडवल वाढलं, की कर्जं देणंच थांबलं? बँक बंद पडली तर ठेव विम्यातून मुद्दल आणि व्याज धरून एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच रक्कम मिळते; फेब्रुवारी २०२० आधी ही मर्यादा १ लाख होती. एकाच बँकेच्या चार शाखांत खाती असली तरी ती एकत्र मोजतात. नागरी सहकारी बँकांनाही हा विमा आहे. चौकाचौकात पाटी दिसणाऱ्या पतसंस्थांना तो नाही, त्यांच्या पाटीवर ‘ठेवी सुरक्षित’ असं कितीही ठळक रंगवलेलं असलं तरी.