रेच्यापासून अ‍ॅडिसपर्यंत : कामगार-सुरक्षेच्या शिक्षणाची खान्देशी पार्श्वभूमी

जळगाव, धुळे, भुसावळकडे इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झालेल्या मुलाच्या घरी हल्ली एक प्रश्न हमखास निघतो : अ‍ॅडिस करू की नेबॉश? अ‍ॅडिस म्हणजे औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका आणि नेबॉश म्हणजे ब्रिटनमधल्या परीक्षा मंडळाचं प्रमाणपत्र. फी किती, नोकरी कुठे, आखाती देशात पगार किती, एवढ्यावर चर्चा संपते. पण ‘सेफ्टी ऑफिसर’ नावाचं हे पद आलं कुठून, त्याला शिक्षणाची अट का लागली, हे खान्देशातल्या मुलांना तरी ठाऊक असायलाच हवं असं मला वाटतं. कारण या गोष्टीची सुरुवात बरीचशी आपल्याच जिनिंगांमध्ये, म्हणजे कपाशीतून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांमध्ये आहे.

1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि खान्देशच्या कपाशीला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास रेल्वे आली आणि रेल्वेच्या कडेकडेने वाफेवर चालणाऱ्या जिनिंग-प्रेसिंग उभ्या राहिल्या. 1881 साली देशातला पहिला कारखाना कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही, बारापर्यंतच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, धोकादायक यंत्रांना कठडे घालायचे, असा तो साधा कायदा. पण शंभरापेक्षा कमी कामगार असलेले कारखाने त्यातून वगळलेले आणि वर्षात चार महिन्यांपेक्षा कमी चालणारेही वगळलेले. जिनिंग तर हंगामीच. हंगाम संपला की कुलूप. म्हणजे जिथे यंत्रात हात सर्वात जास्त जायचे, तिथेच कायदा पोचत नव्हता.

1884-85 मध्ये मुंबई सरकारने कारखाना आयोग नेमला. त्याच्यापुढे खान्देशातल्या जिनिंगांबद्दल जी साक्ष झाली, ती वाचताना आजही अंगावर काटा येतो. एरवीच्या दिवसांत इंजिन पहाटे चार-पाचला सुरू व्हायचं ते रात्री सात, आठ, नऊपर्यंत, मधे थांबणं नाही. मार्च-एप्रिलच्या गर्दीत तर तीच माणसं रात्रंदिवस, सलग आठ-आठ दिवस रेच्यांवर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांवर. कामाला बाया मोठ्या संख्येने. याच आयोगासाठी सप्टेंबर 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती या मागण्या सगळ्यांना माहीत असतात. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती : कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जो जन्मभरासाठी अधू झाला त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

रेचा म्हणजे नेमकं काय, हे ज्याने पाहिलं नाही त्याच्यासाठी सांगतो. चामड्याच्या चकत्यांचा एक रूळ फिरत असतो. त्याला एक सुरी टेकलेली असते आणि दुसरी वरखाली होत असते. रूळ रुई ओढून घेतो, सुरी सरकी झटकून खाली पाडते. जुन्या जिनिंगमध्ये असे रेचे ओळीने मांडलेले असत आणि सगळे एकाच लांब शाफ्टवर, पट्ट्यांनी चालत. समोर उभी राहून बाई हाताने कपाशी चारते. हवेत एवढी रुई उडते की तासाभरात भुवया पांढऱ्या होतात. कपाशी अडकली की हात आपोआप पुढे जातो. विचार करायला वेळच नसतो. आणि पट्ट्याजवळून जाताना पदर सुटलेला असला, तर पट्टा पदर धरतो आणि पदरामागून माणूस जातो.

1923 साली कामगार नुकसानभरपाई कायदा आला. त्याच्या परिशिष्टात अवयवांचा तक्ता होता. आजच्या तक्त्याप्रमाणे अंगठा गेला तर कमाईची ताकद 30 टक्के गेली असं धरतात, पूर्ण तर्जनी गेली तर 14 टक्के, एका हाताची चारही बोटं गेली तर 50 टक्के. हा तक्ता गरजेचाच आहे, त्याने कितीतरी घरं तगली. पण क्रम बघा : कायद्याने बोटांची किंमत आधी ठरवली आणि ती बोटं वाचवायला शिकलेला माणूस कारखान्यात बसवायला आणखी 53 वर्षं घेतली.

मधला टप्पा 1948 च्या कारखाना कायद्याचा. त्याच्या 21 व्या कलमात यंत्रांच्या कठड्यांबद्दल सविस्तर लिहिलं होतं. 27 वं कलम कापूस दाबण्याच्या कारखान्यांसाठीच होतं : जिथे कापूस पिंजणारं ओपनर चालतं, तिथे बायका-मुलांना कामाला लावायचं नाही, आणि लावायचंच तर मधे छतापर्यंत भिंत हवी. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते 22 वं कलम. चालू यंत्राची तपासणी, तेलपाणी किंवा पट्टा चढवणं फक्त खास प्रशिक्षण घेतलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच करायचं, त्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालायचे, ते कपडे मालकाने द्यायचे आणि त्या कामगाराचं नाव रजिस्टरमध्ये लिहायचं. कागदावर आलेली, सुरक्षेसाठीची शैक्षणिक पात्रता म्हणून मी या रजिस्टरकडे बघतो. पदवी नाही, पदविका नाही. एक फिटर, त्याचा घट्ट सदरा आणि रजिस्टरमधलं नाव.

पुढची पावलं भराभर पडली. मुंबईत सायनला केंद्रीय श्रम संस्था उभी राहिली आणि औद्योगिक सुरक्षेचं शिक्षण तिथे रीतसर मिळू लागलं. 4 मार्च 1966 रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. कारखान्यांत 4 मार्चला झेंडा लावून शपथ घेतात ती त्यामुळे. 1976 च्या दुरुस्तीने कायद्यात 40-ब हे कलम आलं : हजार किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे सुरक्षा अधिकारी नेमलाच पाहिजे, आणि धोका मोठा असेल तर सरकार सांगेल तिथेही. महाराष्ट्राचे सुरक्षा अधिकाऱ्यांबाबतचे नियम 1982 चे. अ‍ॅडिसला जे वजन आलं ते इथून.

मग 1984 ची 2 आणि 3 डिसेंबरमधली भोपाळची रात्र. त्यानंतर 1987 मध्ये कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं. कामगाराला तो हाताळतो त्या रसायनाची माहिती मिळण्याचा हक्क तिथे आला. कारखान्याच्या डॉक्टरांसाठीही औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा वेगळा अभ्यासक्रम आहे, एमबीबीएसनंतरचा. रुईच्या धुळीने भरलेली छाती आणि बिडीने भरलेली छाती यांतला फरक ओळखायला तेवढं शिक्षण लागतं.

नेबॉशची गोष्ट निराळी. हे मंडळ 1979 साली ब्रिटनमध्ये सुरू झालं. त्याचं प्रमाणपत्र बाहेरदेशी, विशेषतः बांधकाम आणि तेल-वायूच्या कामांत चालतं. अभ्यासक्रम चांगला आहे. पण आपल्याकडे कायद्याने नेमायच्या सुरक्षा अधिकाऱ्याला राज्याने मान्य केलेली पदवी किंवा पदविका लागते. तिथे नुसतं नेबॉश पुरत नाही. क्लासवाले हे आधी सांगत नाहीत, आणि शेत गहाण ठेवून फी भरलेल्या बापाला ते नंतर कळतं, याचं वाईट वाटतं.

31 ऑगस्ट 2019 ला शिरपूर तालुक्यात वाघाडीजवळच्या रसायन कारखान्यात स्फोट झाला आणि किमान बारा माणसं गेली. कामगारांबरोबर लहान मुलंही होती. त्या दिवसापासून आपल्या भागात ‘सेफ्टी’ हा शब्द घराघरात बोलला जाऊ लागला.

21 नोव्हेंबर 2025 पासून कारखाना कायद्याच्या जागी नवी कामगार संहिता लागू झाली. तिच्यात सुरक्षा अधिकाऱ्याची अट हजारावरून 500 कामगारांवर आली, धोकादायक कारखान्यांत 250 वर. हे चांगलंच झालं. मात्र कारखाना कशाला म्हणायचं ती व्याख्या विजेवर चालणाऱ्या ठिकाणी 10 कामगारांवरून 20 वर गेली. एमआयडीसीतल्या छोट्या डाळमिल, चटईचे कारखाने, गावाबाहेरच्या जिनिंग यांत किती माणसं असतात ते आपण जाणतो. पाचशेचा आकडा त्यांच्या जवळपासही येत नाही.

पात्रतेच्या जुन्या नियमांत पदवी-पदविका आणि अनुभवानंतर तिसरी एक अट असते, तिच्याकडे कोणी फारसं बघत नाही : त्या भागातल्या बहुसंख्य कामगारांची भाषा या अधिकाऱ्याला नीट आली पाहिजे. आपल्याकडे ती भाषा कोणती? बागलाणापासून धुळ्यापर्यंत अहिराणी, पूर्वेला तावडी, सातपुड्याकडून हंगामाला येणाऱ्यांची भिली नाहीतर पावरी. मी 4 मार्चची शपथ ऐकली आहे. छापील, जड शब्दांची. ओळीत उभ्या असलेल्या बाया ओठ हलवत होत्या. शपथ संपली, यंत्रं सुरू झाली, आणि म्हातारा फिटर रेच्यांच्या ओळीतून जाता जाता एका नव्या पोरीला म्हणाला, “पदर खोच माय. पट्टा फिरी राहिना (फिरतोय), हात नको लावू.” तिने लगेच पदर कमरेला खोचला.