मुरगाबचा गाळ आणि झारची शेती

‘रशियनांनी तुर्कमेन वाळवंटात कापूस फुलवला’ हे वाक्य मध्य आशियावरच्या लेखनात सारखं भेटतं, आणि दर वेळी खटकतं. ती जमीन मुळात वाळवंट नव्हती, आणि कापूस पिकवणारे हात बहुतांशी तुर्कमेनांचेच होते.

1884 मध्ये मुरगाब नदीकाठचं मर्व, आजच्या तुर्कमेनिस्तानातलं, रशियाच्या ताब्यात गेलं. 1887 मध्ये झार तिसऱ्या अलेक्झांडरने जवळच्या बैरामअली इथे स्वतःच्या मालकीची ‘मुरगाब जहागीर’ उभारली. ही जमीन सुलतान बंद या जुन्या धरणावर शतकानुशतकं भिजत आली होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस बुखाऱ्याच्या अमिराने ते धरण फोडलं, पाणी तुटलं आणि वस्ती उठली. शिवार ओसाड पडलं ते असं.

झारच्या फर्मानात एक अट होती: आधीपासून भिजणाऱ्या जमिनींचं पाणी तोडायचं नाही. खालच्या अंगाला तेक्के या तुर्कमेन टोळीने कौशुत खान बंद हे धरण बांधलं होतं. लग्न झालेल्या प्रत्येक पुरुषाला पाण्याचा हिस्सा मिळे आणि वाटपावर मीराब देखरेख ठेवी. उन्हाळ्यातलं पाणी असं आधीच वाटलेलं. जहागिरीसाठी उरलं ते हिवाळ्याचं आणि पुराचं, म्हणजे साठवण करणं भागच होतं. खरी अडचण इथे सुरू होते.

मुरगाब लोएस, म्हणजे वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक मातीच्या प्रदेशातून येते, म्हणून ती कमालीची गढूळ. वाहत्या पाण्यातले भोवरे कणांना तरंगत ठेवतात. धरणात पाणी थबकलं की भोवरे विरतात आणि कण खाली बसू लागतात, ताकावर निवळी यावी तसे. कण बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे व्यास दहापट कमी झाला तर वेग शंभरपट कमी. 0.02 मिलिमीटरचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला साधारण 0.36 मिलिमीटर उतरतो, म्हणजे तीन मीटर खोलीचा तळ त्याला सव्वादोन-अडीच तासांत गाठता येतो. 0.002 मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला त्याच अंतरासाठी नऊ-दहा दिवस लागतात. जलाशयात पाणी महिनोन्‌महिने थांबणार. लोएसचा बहुतेक गाळ तिथेच राहणार. पाणी जितकं जास्त साठवाल, तितक्या लवकर साठवणीची जागा भरत जाते.

सुलतान बंद पुन्हा उभारण्याचा पहिला प्रयत्न 1890 मध्ये पुराने वाहून गेला. मग मुरगाबवरच हिंदुकुश नावाचं धरण झालं आणि तिथे 1909 मध्ये जलविद्युत केंद्र सुरू झालं. जलाशय मात्र गाळाने भरत गेला. साठवण आटली की उन्हाळ्यात त्याच वाहत्या पाण्याकडे वळावं लागतं, जे तेक्क्यांच्या हिश्श्याचं. शिवाय जहागिरीची पाण्याची दारं वरच्या अंगाला. फर्मान काहीही म्हणो, वरच्या दाराची किल्ली ज्याच्याकडे, त्याचा शब्द चाले.

जहागिरीत घाम गाळणाऱ्यांतही तोच तेक्के शेतकरी, बटाईने. जमीन झारची, मेहनत त्याची, आणि पिकातला हिस्सा मालकाच्या कोठारात. धरण, कालवे आणि सरकीचं तेल काढणारा कारखाना हे सगळं रशियन कारभाराखाली चाले. एकाच नदीवर एकाच माणसाचं नातं दुहेरी झालं: स्वतःच्या शेतात तो पाण्याचा हिस्सेदार, जहागिरीत वाटेकरी कूळ.

1959 मध्ये सोव्हिएतांनी काराकुम कालव्यातून अमुदर्या नदीचं पाणी मुरगाबपर्यंत आणलं. अमुदर्याही तशीच गढूळ, त्यामुळे त्या कालव्यातून गाळ उपसत राहावं लागलं.