लहान बाळांचा ब्राँकिओलायटिस: ट्यूब कधी टाकायची?

पावसाळा सरत आला की गगनबावडा, राधानगरी, निपाणीकडून कोल्हापुरात ब्राँकिओलायटिसची, म्हणजे विषाणूमुळे फुप्फुसातल्या बारीक श्वासनळ्या सुजलेली, बाळं येऊ लागतात. वय दोन-तीन महिने, नाक चोंदलेलं, पोट उडतंय, अंगावर पीत नाही. बहुतेकांचं नाक साफ करून, ऑक्सिजन आणि नळीने दूध देऊन भागतं. वाद आहे तो उरलेल्या मोजक्यांचा.

या आजाराचा मुख्य विषाणू आरएसव्ही 1956 मध्ये चिंपांझींत सापडला, पुढच्या वर्षी आजारी बाळांत. सीपॅप, म्हणजे नाकावाटे सतत दाबाखाली हवा देणं, 1971चा, तोही नवजातांसाठी. दमलेल्या बाळाच्या श्वासनलिकेत ट्यूब टाकून व्हेंटिलेटर लावायचा, हीच रीत बराच काळ चालली. त्यातही मेख होती. कफाने अरुंद झालेल्या श्वासनळ्यांतून हवा आत जाते, पण लवकर बाहेर पडत नाही. मशीनचा वेग वाढवला की छाती फुगतच जाते. म्हणून वेग कमी, उच्छ्वासाला वेळ जास्त, आणि कार्बन डायऑक्साइड थोडा चढा राहिला तर राहू द्यायचा.

मग हाय-फ्लो आला. नाकाशी दोन मऊ नळ्या, किलोमागे मिनिटाला 2 लिटर गरम, दमट हवा. बाळ आईच्या मांडीवर राहतं. 2018च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या चाचणीत 1,472 बाळं होती. साध्या ऑक्सिजनवर 23 टक्क्यांचे उपचार अपुरे पडले, हाय-फ्लोवर 12 टक्क्यांचे. सगळे हाच आकडा सांगतात. ती बाळं आयसीयूबाहेरची होती आणि ट्यूबचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच राहिलं, हे मात्र कुणी सांगत नाही. आयसीयूतली फ्रेंच चाचणी 2017ची. तिथे हाय-फ्लो 51 टक्के बाळांत अपुरा पडला, सीपॅप 31 टक्क्यांत. ट्यूब टाळण्यात फरक तिथेही दिसला नाही, कारण एक उपाय थकला की दुसरा लावून बघत होते. तरी गंभीर बाळाला आधी सीपॅपच लावावा, असं माझं मत. बबल सीपॅपला लागतं तरी काय? नळीचं टोक बाटलीतल्या पाण्यात सहा-सात सेंटीमीटर बुडवायचं, आणि बुडबुडे थांबले तर कुठेतरी गळती आहे हे नर्सला लांबूनच कळतं.

2021 मध्ये कोविडच्या तिसऱ्या लाटेच्या धास्तीने राज्यभर मुलांसाठी खाटा, व्हेंटिलेटर वाढले. मशीन आली, पण रात्रपाळीला बाळाशेजारी बसणारी अनुभवी नर्स अशी खरेदी करता येत नाही. हाय-फ्लोवर तास-दीड तासात नाडी आणि श्वासाची गती उतरली नाही, तर पुढची पायरी गाठावी लागते. तालुक्याच्या गावी हा तास वाट बघण्यात गेला, तर बाळ नेमकं रस्त्यात ॲम्ब्युलन्समध्ये थकतं.