चादोर आणि चादरी

आपण रात्री अंगावर घेतो ती चादर मराठीत फारसीतून आली. तिच्या दोन बहिणींची मात्र बातम्यांत कायम अदलाबदल होते: इराणची चादोर आणि अफगाणिस्तानची चादरी. फोटोखाली दोन्हींना सरसकट ‘बुरखा’ म्हटलं जातं, आणि मग दोन्हीकडच्या बायकांचं जगणंही एकाच मापात मोजलं जातं. हे चुकीचं आहे, आणि त्यात दोघींवरही अन्याय होतो.

चादोर म्हणजे अर्धवर्तुळाकार कापड, बहुधा काळं. बाह्या नाहीत, बटणं नाहीत. डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली हाताने धरायचं. कडेवर मूल आणि हातात पिशवी असली की काठ दातांत धरावा लागतो. चेहरा उघडाच असतो. चादरी मात्र डोक्यावर घट्ट बसणाऱ्या टोपीला जोडलेली असते. तिथून बारीक चुण्यांचा घोळ खाली येतो, बहुतेकदा निळा, आणि डोळ्यांपुढे जाळी. जाळीतून समोरचं दिसतं. बाजूने गाडी येतेय का हे बघायला अख्खी मान वळवावी लागते. (हेरातकडे, इराणच्या सीमेजवळ, अफगाण बायकाही काळी चादोर घेतात, त्यामुळे तिथला फोटो फसवतो.)

इराणमध्ये सर्वांना चादोरची सक्ती नाही. सक्ती आहे ती केस झाकण्याची आणि सैल कपड्यांची. १९८३ च्या कायद्यात हे मोडल्यास ७४ फटक्यांपर्यंत शिक्षा होती. म्हणून तेहरानमध्ये रूसरी, म्हणजे डोक्याचा रुमाल, आणि मांतो हा लांब कोट घालून बायका कामावर जातात, गाडी चालवतात, मत देतात. पुरुषांसमोर एकटीने गायला मात्र बंदी. रूसरी किती मागे सरकली यावरून गस्तीचे पोलीस पकडत आले आहेत. २२ वर्षांच्या महसा अमिनीला सप्टेंबर २०२२ मध्ये असंच धरून नेलं. ती ताब्यात असतानाच कोसळली आणि तीन दिवसांनी इस्पितळात वारली. इराणला कुणी सौम्य म्हणू नये.

तालिबानचं ७ मे २०२२ चं फर्मान वेगळ्याच जातीचं आहे. चादरी चांगली, पण कामाशिवाय घराबाहेर न पडणं हाच सर्वांत उत्तम पडदा, असं ते सांगतं. आणि नियम मोडला बाईने, तरी शिक्षा तिच्या बापाला, भावाला किंवा नवऱ्याला: आधी समज, मग बोलावणं, मग तीन दिवस कैद. सरकारी नोकर असेल तर नोकरीही जाते. मला यातलं हेच सगळ्यात क्रूर वाटतं. इराणमध्ये आरोपी म्हणून का होईना, बाई स्वतः उभी असते. इथे तिला तेवढंही मोजलेलं नाही, आणि तिच्यावरचा शिपाई तिच्याच घरात नेमलाय. सहावीपुढे मुलींना शाळा नाही. ७२ किलोमीटरपलीकडच्या प्रवासाला घरचा पुरुष सोबत हवा. जुलै २०२३ मध्ये ब्युटी पार्लरंही बंद झाली.

२०२२ च्या शरदात इराणी शाळांमधल्या मुली वर्गात रूसऱ्या काढून ‘ज़न, ज़िंदगी, आज़ादी’ (बाई, जगणं, स्वातंत्र्य) ओरडत होत्या. त्याच वर्षी २१ डिसेंबरच्या सकाळी काबूलच्या विद्यापीठांच्या फाटकांवर बंदूकधारी उभे होते. आदल्या दिवशीच मुलींना प्रवेशबंदीचा हुकूम निघाला होता. वह्या-पुस्तकं घेऊन आलेल्या मुलींना त्यांनी तिथूनच घरी पाठवलं.