भटारखान्यात भाजलं, बोट गेलं : भरपाईचा अर्ज कुठे आणि कसा करायचा

रात्री साडेअकराला कढईतलं तेल हातावर सांडतं. मालक पोराला गाडीत घालून दवाखान्यात नेतो, बिलही भरतो आणि दारातच कानात सांगतो, "डॉक्टरनं विचारलं तर घरी भाजलं म्हण." पोरगा तसंच म्हणतो, केस पेपरवरही तेच लागतं. पुढे दावा लावला की मालकाचा वकील सगळ्यात आधी तोच कागद काढतो. म्हणून घाटीत (छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात) जा, जिल्हा रुग्णालयात जा की खासगीत, केस पेपरवर 'हॉटेलात काम करताना' हे शब्द, वेळ आणि हॉटेलचं नाव लिहून घ्या. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी दवाखान्याची नोंद, करा असं स्पष्ट सांगा. बाकीचे कागद मागाहून जमवता येतात, हा एक बदलणं अवघड जातं.

आधी एक पाहा : पगारातून ईएसआयसी कापतात का? दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेलं हॉटेल आणि महिना २१ हजारांपर्यंत पगार असेल, तर मामला राज्य कामगार विम्याचा. तुमचे ०.७५ टक्के कापतात, मालक ३.२५ टक्के भरतो. अपघाताचा अहवाल मालकाने पाठवायचा असतो. कामाला लागून एकच दिवस झाला असला तरी चालतं. उपचार विम्यातून होतात आणि घरी बसावं लागलं तर सुमारे ९० टक्के पगार मिळतो. मात्र त्याच जखमेसाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही.

रस्त्यावरचे ढाबे, चार-सहा माणसांच्या खानावळी या विम्याच्या बाहेर राहतात. तिथे मालक स्वतः देणं लागतो. १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गेला, पण हिशेबाची रीत तीच आहे. गॅसवर किंवा विजेवर चालणाऱ्या भटारखान्यातला आचारी, तंदूरवाला, हेल्पर यात येतो. नेमणूकपत्र नसलं, रोजंदारी असली, ठेकेदारामार्फत लागला असला तरी हक्क जात नाही. रात्री भटारखाना बंद करून घरी जाताना अपघात झाला, तर तोही आता कामाशी संबंध दाखवता आल्यास धरतात.

"त्याच्याच चुकीने झालं" हे मालकाचं ठरलेलं उत्तर. नुसत्या निष्काळजीपणाने भरपाई बुडत नाही. दारू पिऊन किंवा सुरक्षेची सूचना मुद्दाम मोडून जखम झाली तर अडचण होते, पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तीही सबब चालत नाही.

पैसे किती? २५ वर्षांच्या पोराची तर्जनी कणीक मळायच्या यंत्रात मुळापासून गेली, पगार १२ हजार. पगाराचे ६० टक्के म्हणजे ७,२००. त्याला कायद्यात वयानुसार ठरलेल्या गुणकाने, २१६.९१ ने, गुणलं की १५,६१,७५२; ही कायमच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम. तर्जनीसाठी कायद्याच्या तक्त्यात त्याचे १४ टक्के धरलेत, म्हणजे हातात २,१८,६४५ रुपये. अशा पोराला दहा-वीस हजार आणि पेढ्याचा पुडा देऊन गावी पाठवलं जातं. भाजल्याचे टक्के तक्त्यात नाहीत, ते डॉक्टर ठरवतात. मृत्यू झाल्यास ६० ऐवजी ५० टक्के. पगार कितीही असो, हिशेब महिना १५ हजारांपर्यंतच धरतात. नंतर बरा होणारा असेल तर दर पंधरवड्याला पगाराचा चौथा हिस्सा, १२ हजारांवर ३ हजार. तीन दिवसांत कामावर परतलात तर हे मिळत नाही. उपचाराचा खर्च वेगळा मिळतो, म्हणून मेडिकलची बिलं फेकू नका.

आता अर्ज. मालकाला जमेल तितक्या लवकर लेखी कळवा, स्पीड पोस्टाने, आणि पावती जपा. एक महिन्यात पैसे आले नाहीत तर १२ टक्के व्याज लागतं, सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही. मग भरपाई आयुक्तांकडे (नव्या संहितेत त्यांना 'सक्षम प्राधिकारी' म्हणतात) अर्ज, अपघातापासून दोन वर्षांच्या आत. हे काम आपल्याकडे कामगार न्यायालयाचे न्यायाधीश, आणि ते नसेल तिथे दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर पाहतात. मराठवाड्यातल्या माणसाला सगळ्यात उपयोगी गोष्ट ही की, अपघात पुण्यात झाला तरी अर्ज तुम्ही राहता त्या बीड, लातूर, नांदेडकडच्या न्यायालयात करता येतो. तारखेसाठी पुण्याचं भाडं नको.

सोबत आधार, वयासाठी शाळेची टीसी, केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, बिलं, अपंगत्वाचा दाखला. पगार रोख असेल तर पुरावा कुठून? फोन पेवर आलेली एखादी उचल, "उद्या लवकर ये" असा व्हॉट्सअॅप मेसेज, भट्टीजवळ काढलेला फोटो, सोबत्याचं शपथपत्र. मृत्यू झाल्यास शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड.

स्टॅम्प पेपरवर 'आता काही देणं नाही' लिहून सही दिली असली तरी घाबरू नका. हक्क कमी करणारा असा करार कायद्यापुढे टिकत नाही. मृत्यूची भरपाईही मालकाने घरच्यांच्या हातात नव्हे, आयुक्तांकडे जमा करायची असते.

वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांना तो मोफत मिळतो. उत्पन्नाचा दाखला मात्र तहसीलमधून आधीच काढून ठेवा, ऐनवेळी तोच अडतो.